डावीकडचा खालचा डबा

निंगव्वा माझ्या आत्याची मुलगी. माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. दुधनी स्टेशनात उतरून रानातल्या वाटेने तासभर चाललं की त्यांचं गाव लागायचं. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण पुढची शाळा दुधनीत होती आणि मुलीच्या जातीला रोज एवढं लांब एकटीला कसं पाठवायचं, असं तिच्या वडिलांचं, ईरप्पांचं म्हणणं. याच मुलीला ते शाळूची कणसं भरायला लागली की दिवस उगवायच्या आधीपासून मावळेपर्यंत रानातल्या माळ्यावर एकटीला उभं करायचे. तेव्हा तिला कोणी खाणार नव्हतं. हे मला त्या वयात सुचलं नाही. आता लिहिताना सुचतंय आणि राग येतोय.

माळा म्हणजे चार मेढींवर बांधलेलं उंच मचाण. त्यावर उभं राहून ती गोफणीने पाखरं हाकायची, आणि पाखरू जवळ असलं तर गोफण बाजूला ठेवून हातानेच खडा मारायची. एका दिवाळीत मी तिच्या गावी गेले होते तेव्हा तिने मला हे समजावून सांगितलं होतं. पाखराला मारायचं नसतं, ते ज्वारीच्या ज्या ताटावर बसलंय त्याच्या शेजारचं ताट हलवायचं असतं. मी म्हटलं, दाखव. तिने दाखवलं. मी बोट करीन ते ताट हलत होतं.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या जानेवारीत ती आणि आत्या, म्हणजे बसम्माआत्या, गड्ड्यासाठी आमच्याकडे सोलापूरला आल्या. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर जी जत्रा भरते तिला आम्ही सोलापूरकर गड्डा म्हणतो. निंगव्वाने तो कधी पाहिला नव्हता. गड्डा नेमका शाळू भरायच्या दिवसांत येतो आणि तेव्हा पाखरं कोण राखणार? मधली बहात्तर-त्र्याहत्तरची वर्षं तर दुष्काळातच गेली, पाखरांनाही खायला काही नव्हतं. या वर्षी तिने धाकट्या भावाला महिनाभर आधीपासून माळ्यावर तयार केलं होतं आणि पाच दिवसांची सुट्टी मिळवली होती. सुट्टी हा शब्द तिचाच. पॅसेंजरमधून उतरल्या उतरल्या तिने मला सांगितलं, "पाच दिवस सुट्टी हाय मला. एक मिनिट झोपनार न्हाय मी."

आणखी एक गोष्ट होती, जी आम्हा मुलींना कोणी सांगितली नव्हती पण आम्हाला माहीत होती. माझा थोरला भाऊ विरुपाक्ष तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. मामाच्या मुलाला आत्याची मुलगी करायची आमच्यात पद्धत आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील चनमल्लप्पा, यांचं मधल्या मारुतीजवळ कापडाचं दुकान होतं, घर बाळीवेशीत. आत्याला वाटत होतं, मुलगी शहरात, भावाच्याच घरात पडली तर बरं. म्हणून या सुट्टीत मुलगी कशी बसते, कशी बोलते, हे सगळं बघितलं जाणार होतं. सुट्टी फक्त निंगव्वाच्या मनात होती.

भोगीच्या दिवशी सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता झाल्या. मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, नंदीध्वजांच्या मागे चालून चालून आमचे पाय मोडले. संक्रांतीला आईने शेंगापोळ्या केल्या आणि संध्याकाळी आम्ही सगळे मैदानावर गेलो. मोठी माणसं एका बाजूला सतरंजी टाकून बसली. आम्ही पाच जण आत घुसलो: विरुपाक्ष, त्याचा कॉलेजातला मित्र रामहरी, मी, निंगव्वा आणि आमच्या शेजारची अनसूया. अनसूयाच्या वडिलांचे चार माग होते. त्यांच्या घरी तेलुगू बोलायचे, आमच्या घरी कन्नड, आणि आम्ही दोघी आपसात मराठी.

निंगव्वाने काहीही सोडलं नाही. वाकड्यातिकड्या आरशांसमोर ती स्वतःला बघून मांडी घालून खालीच बसली, एवढी हसली. माणसं ओळखणारं एक गाढव होतं. त्याच्या मालकाने विचारलं, या घोळक्यात लग्नाला उतावीळ कोण, आणि ते गाढव गोल फिरून नेमकं विरुपाक्षासमोर येऊन उभं राहिलं. विरुपाक्ष कानापर्यंत लाल झाला. मोठ्या पाळण्यात मी डोळे मिटून घेतले होते. ती मात्र वर गेल्यावर मला हलवून हलवून सांगत होती, तळं बघ, देऊळ बघ, तितं आपली मानसं बसल्यात. माळ्यावर उभं राहून सवय झालेली मुलगी, तिला कसली भीती.

मग आम्ही डब्यांच्या स्टॉलवर आलो.

एका फळीवर पत्र्याचे सहा डबे रचलेले. खाली तीन, त्यावर दोन, वर एक. चिंध्यांचे घट्ट बांधलेले तीन चेंडू मिळायचे. तिन्ही चेंडूंत सहाही डबे फळीवरून खाली पाडले तर मागच्या कप्प्यातलं बक्षीस. तिथे चहाचे कप होते, टेबलावरचं घड्याळ होतं, आणि सगळ्यांत वर चामड्याच्या कव्हरातला एक ट्रान्झिस्टर. स्टॉलवाला गळ्यात लाल मफलर घातलेला, तोंडाने एकसारखं बोलणारा माणूस होता. कुठला होता कोण जाणे. दरवर्षी वेगळेच लोक यायचे.

विरुपाक्ष तीनदा खेळला. प्रत्येक वेळी पाच डबे पडायचे आणि एक राहायचा. रामहरी दोनदा खेळला, तेच. मफलरवाला हळहळून दाखवायचा, "अरेरे, एकच राहिला साहेब, आता सोडू नका." आणि ते सोडायचे नाहीत. निंगव्वा फळीकडे बघत होती. ती इतकी गप्प झाली की मला वाटलं तिला भूक लागली. तेवढ्यात ती माझ्या कानाशी कन्नडमध्ये म्हणाली, राहतो तो दरवेळी तोच डबा राहतो. डावीकडचा, खालचा. मी पाहिलं. खरंच तोच होता. मग तिने आणखी एक गोष्ट दाखवली. बाकीच्यांना चेंडू लागला की टण्ण वाजतं. याला लागला की धप्प.

ती विरुपाक्षाला म्हणाली, "मी मारू काय?"

विरुपाक्षाने इकडेतिकडे पाहिलं. पोरी असलं खेळत नाहीत, असं तो म्हणाला, आणि रामहरी हसला. आमच्या अनसूयाला असल्या हसण्याची फार चीड. तिने स्वतःजवळचे पैसे काढून फळीवर ठेवले आणि चेंडू उचलून निंगव्वाच्या हातात दिले.

पहिल्या खेपेला निंगव्वाने तिन्ही चेंडू त्या एकाच डब्यावर मारले. पोटात मारला, खाली मारला, वर मारला. वरच्या काठाला लागला तेव्हा तो किंचित डुलला. लोक हसायला लागले, कारण बाकीचे पाच तिने तसेच उभे ठेवले होते. मफलरवाला म्हणाला, ताई, भाकरी थापायची नाही ही. अनसूयाने पुन्हा पैसे ठेवले.

दुसऱ्या खेपेला निंगव्वाने पदर कमरेला खोचला. पहिल्याच चेंडूत पाच डबे साफ. ते पाडणं अवघड नव्हतंच. दुसरा चेंडू उरलेल्या डब्याच्या वरच्या काठावर. तो मागे कलला आणि परत बसला. तो बसतोय तोवर तिसरा चेंडू त्याच जागी. डबा आडवा झाला, फळीवर घरंगळला आणि मागे मातीत पडला. आवाज असा आला की दगडच पडलाय.

आम्ही दोघी ओरडलो. आजूबाजूच्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. निंगव्वाने ट्रान्झिस्टरकडे बोट केलं.

मफलरवाल्याने खालच्या पेटीतून एक प्लास्टिकचा कंगवा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. बायकांचं बक्षीस वेगळं असतं, असं तो म्हणाला. असं कुठे लिहिलंय, मी विचारलं. तो म्हणाला, गड्ड्यात सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्यांनी आता टाळ्या वाजवल्या होत्या तीच माणसं हसली. चांगली धोतर-टोपीतली, शर्ट-पँटीतली माणसं. घे बाई कंगवा, वेणी घाल, असं कोणीतरी मागून म्हणालं. मला आजही त्या हसण्याचा आवाज ऐकू येतो. एका माणसालाही असं वाटलं नाही की हिने पाडले तर हिला द्या.

निंगव्वा कंगव्याकडे बघत उभी राहिली. मग ती फळीखालून वाकून आत गेली, मातीत पडलेला तो डबा दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर घेऊन आली. डब्याच्या तोंडावर रंगवलेला कागद चिकटवला होता. तिने नखाने तो कागद फाडला आणि डबा फळीवर उलटा केला. वाळू. ओली करून ठासून भरलेली, अर्धा डबा वाळू.

"हे बगा," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी पडत नव्हता."

मफलरवाल्याने जो आरडाओरडा सुरू केला तो आमच्यावर. माल फोडला, धंद्याला हात लावला, कुणाच्या पोरी आहेत, बोलवा यांच्या घरच्यांना. मी विरुपाक्षाला शोधलं. तो नव्हता. रामहरीही नव्हता. विरुपाक्ष आप्पांना आणायला पळाला होता. मला वाटलं, आता आप्पा येतील आणि या माणसाला सरळ करतील.

आप्पा आले. त्यांनी वाळू पाहिली, हे मी शपथेवर सांगते. ती फळीवर ढिगाने पडली होती, न दिसायला ते आंधळे नव्हते. त्यांनी आजूबाजूला कोण कोण ओळखीचं उभं आहे ते पाहिलं. मग त्यांनी त्या मफलरवाल्यापुढे हात जोडले.

"चूक झाली," ते म्हणाले. "खेड्यातली मुलगी आहे, तिला काही कळत नाही. माफ करा."

वर डब्याची भरपाई म्हणून त्याच्या हातात काहीतरी ठेवलं. तेही त्याने घेतलं.

घरी आल्यावर जे झालं त्याला काय म्हणायचं? आप्पा झोपाळ्यावर, आत्या भिंतीला टेकून डोळ्याला पदर लावून, विरुपाक्ष खिडकीशी पाठ करून, आणि निंगव्वा मधोमध उभी. आप्पा आवाज चढवून बोलत नसत. शांतपणे बोलत, त्यामुळे समोरच्याला उत्तर देता येत नसे. ते म्हणाले, या गावात माझं तीस वर्षांचं नाव आहे. बाजारपेठेतली माणसं तिथे उभी होती. त्यांनी काय पाहिलं? चनमल्लप्पाची भाची पदर खोचून जत्रेत चेंडू मारते आणि परक्या माणसाशी भांडते. गड्डा म्हटलं की फसवाफसवी असायचीच, शहाण्याने तिकडे बघायचं नाही.

निंगव्वा म्हणाली, "मामा, चोरी त्यानं केली. मग माफी आपन कशी मागायची?"

आत्याने उठून मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला. तिला आधीच भावाच्या घरात आपलं काही चुकू नये याची इतकी धास्ती, की आपल्या मुलीचं बरोबर आहे हे तिला दिसणंच शक्य नव्हतं. विरुपाक्ष एक शब्द बोलला नाही. त्याचे पैसे गेले होते, त्याला फसवलं होतं, आणि फसवणूक उघडी पाडणारी मुलगी त्याच्यासमोर मार खात होती. तो खिडकीतून रस्ता बघत राहिला. मीही बोलले नाही. हे लिहायला नको वाटतं, पण मीही तिथेच होते आणि बोलले नाही. आमच्या घरात त्या संध्याकाळी एकच माणूस खरं बोललं, आणि ते पाहुणं होतं.

आईने, गुरम्माने, सगळ्यांना जेवायला वाढलं. निंगव्वाच्या ताटात तिने न विचारता आणखी एक शेंगापोळी ठेवली आणि तूप वाढताना हात जरा सैल सोडला. आईचं बोलणं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम होतं. सगळं सोलापूर मैदानावर लोटणार. आप्पांनी सकाळीच सांगून ठेवलं, निंगव्वा घरी राहील, आत्या तिच्याजवळ थांबेल. निंगव्वाने मान हलवली. दुपारी आप्पा दुकानात आणि आत्या आडवी झालेली असताना आईने मला हाक मारली. अनसूयाकडे तिळगूळ द्यायचा राहिलाय, असं म्हणाली, दोघी जाऊन देऊन या. तिळगूळ आदल्याच दिवशी देऊन झाला होता आणि तो आईनेच दिला होता. मी तोंड उघडणार तोच तिने मला दाराकडे ढकललं. "दिवस मावळायच्या आत या," एवढंच म्हणाली.

अनसूयाला सोबत घेऊन आम्ही मैदानाकडे निघालो. वाटेत मी निंगव्वाला विचारलं, तिथे जाऊन तू काय करणार. भांडणार न्हाय, ती म्हणाली. फक्त सांगणार.

आणि तिने तेच केलं. स्टॉलसमोर चुन्याची एक रेघ होती, तिथून चेंडू मारायचे. त्या रेघेच्या बाजूला ती उभी राहिली. फळीवर पुन्हा सहा डबे होते, डावीकडच्या डब्यावर नवा कागद. कोणी खेळायला आलं की ती साध्या आवाजात म्हणायची, "डावीकडच्या खालच्या डब्यात वाळू हाय. बगून खेळा." अक्कलकोटकडची माणसं आली की कन्नडमध्ये. थोड्या वेळाने मागवाल्यांचा एक घोळका आला, तर अनसूयाने पुढे होऊन तेलुगूत सांगितलं. मग नई जिंदगी वस्तीतली काही मुसलमान पोरं आली. त्या दोघींना उर्दू येत नव्हती, ती मला शेजारपाजारची ऐकून थोडी यायची. आदल्या संध्याकाळी न बोललेल्या माझ्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला, "भाई, वो डब्बे में रेती है." एक पोरगा म्हणाला, सच्ची? मी म्हटलं, उठाके देखो.

तासाभरात स्टॉलसमोर पाच-पन्नास माणसं जमली आणि खेळणारं कोणी नाही. मफलरवाल्याने आधी शिव्या दिल्या. मग हात उगारला, पण समोर माणसं होती म्हणून खाली घेतला. मग तो निंगव्वाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, काय पाहिजे तुला, ट्रान्झिस्टर ना, घे आणि जा.

ती म्हणाली, "हितं सगळ्यांसमोर दे. आन् का देतोस ते सांग."

त्याला दुसरा मार्ग नव्हता. तो फळीवर चढला, वरच्या कप्प्यातून ट्रान्झिस्टर काढला, आणि या मुलीने काल सहाही डबे पाडले होते म्हणून हा तिचा, असं मोठ्याने म्हणाला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. हीच टाळ्यांची जात काल हसली होती. निंगव्वाने तो हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. तिने तो माझ्या हातात दिला. त्याला वजनच नव्हतं. मी चामड्याचं कव्हर काढलं, मागचं झाकण सरकवलं. आत काही नव्हतं. सेल नाही, तारा नाही, भोंगा नाही. नुसतं खोकं.

निंगव्वा हसली, पण ते हसू काही हसू नव्हतं. "डबा मोकळा पाहिजे तर भरलेला," ती म्हणाली, "आन् रेडू भरलेला पाहिजे तर मोकळा."

हे मागच्या माणसांपर्यंत पोचलं आणि मग जमाव उसळला. गेल्या तीन दिवसांत तिथे खेळून हरलेले कितीतरी जण त्यात होते. कनात फाटली, फळी पडली. मला क्षणभर बरं वाटलं, का खोटं बोलू. पण पुढच्याच क्षणी दिसलं की माणसं न्याय करायला घुसलेलीच नव्हती. चहाचे कप खिशात चालले होते, घड्याळ शर्टाखाली. कंगव्यांची पेटी उलटी झाली आणि दोन चांगले बाप्ये कंगवे वेचायला वाकले. कनातीच्या मागे त्या माणसाची बायको स्टोव्हजवळ बसली होती, ती पातेलं उराशी धरून उठली. निंगव्वा तिच्यापुढे जाऊन आडवी उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून "बेडा, बेडा", म्हणजे नको, नको, असं ओरडत राहिली. मराठी विसरलीच ती. तिचं कोणी ऐकलं नाही, पण त्या बाईपर्यंतही कोणी गेलं नाही.

पाच मिनिटांत सगळं संपलं. माणसं पांगली. मफलरवाला मातीत बसून राहिला होता. निंगव्वाने ते रिकामं खोकं त्याच्याजवळ ठेवलं. परत येताना ती रडत होती. मी म्हटलं, तू का रडतेस, तू जिंकलीस. ती म्हणाली, मी फक्त बघून खेळा म्हटलं होतं. फोडा म्हटलं नव्हतं.

आम्ही दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. आईने हात-पाय धुवायला पाणी काढून ठेवलं होतं. कुठे होतात, असं तिने विचारलं नाही. दारूकाम आम्ही गच्चीवरून पाहिलं.

मला वाटलं होतं आप्पांना कळलं की निंगव्वाला पुन्हा मधोमध उभं करतील. कळायचं कुठलं राहतंय? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या बाजारपेठेत तेच. पण झालं ते वेगळंच. दुकानात एक बडे व्यापारी आले आणि म्हणाले, काय चनमल्लप्पा, तुमची भाची म्हणे ती. वाघीण आहे. चोराला धडा शिकवला. त्या वेळी मी आप्पांचा डबा घेऊन दुकानात गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. आप्पांनी गादीवर जरा सरकून त्यांना जागा करून दिली आणि म्हणाले, "आमच्या घरातलं वळणच तसं. खोटं खपवून घ्यायचं नाही."

माझ्या हातातला डबा मी तिथेच ठेवला आणि निघून आले.

त्याच संध्याकाळी त्यांनी आत्याला बाजूला बोलावून सांगितलं, विरूचं शिक्षण अजून बाकी आहे, एवढ्यात काही विचार नको. आणि तुझी मुलगी चांगली आहे, पण शहरातल्या घराला जरा शांत मुलगी लागते. म्हणजे दुकानात वाघीण आणि घरात नको. आत्याने मान खाली घालून ऐकलं आणि तिकिटं एक दिवस अलीकडची काढायला सांगितली. पाच दिवसांच्या सुट्टीचे चार झाले.

निंगव्वाला हे मीच सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती पिशवी भरत होती. म्हणाली, "मला कुनी इचारलं व्हतं काय? त्यो त्या दिवशी पळून गेला तवाच माझं न्हाय ठरलं."

स्टेशनवर पोचवायला मी आणि आई गेलो. विरुपाक्षाला आप्पांनी पाठवलं नाही आणि तोही आला नाही.

पुढे दोन वर्षांनी निंगव्वाचं लग्न झालं, मैंदर्गीजवळच्या एका गावात. नवरा शांत माणूस, शेतीच करणारा. तिच्याकडे मी दोनदा जाऊन राहिले. ती तिथे भल्या सकाळी रानात जायची, दुपारी बायकांमध्ये बसून तुरी निवडायची, आणि कोणी तिला काही समजवायला लागलं की आधी पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग जे पटलं नाही ते सांगायची. सासूला हे जड गेलं. सहा महिने दोघी बोलत नव्हत्या. मग सासू आजारी पडली, हिने केलं, आणि त्यानंतर सासू गावात कुणाशी बोलताना काही अडलं की "निंग्वाला इचारा" म्हणू लागली.

एकोणऐंशीत विरुपाक्षाचं लग्न झालं. मुलगी शहरातली, शांत, आप्पांना हवी होती तशी. निंगव्वा आली होती, कडेवर वर्षाची पोर. जेवणाच्या पंगतीत आप्पा नव्या व्याह्यांना एकेकाची ओळख करून देत होते. तिच्यापाशी आले आणि थांबले. त्यांचा चेहरा फुलला. ही माझी भाची, ते म्हणाले, हिने एकटीने गड्ड्यात एका लबाडाचा धंदा बंद पाडला, आणि ते गोष्ट सांगू लागले. वाळू सांगितली, रिकामा ट्रान्झिस्टर सांगितला, चार भाषा सांगितल्या. सांगत छान होते. गोष्टीत ते स्वतःही होते, तिच्या पाठीशी उभे.

मी हातातलं वाढायचं भांडं तसंच धरून उभी राहिले. निंगव्वाने घास खाली ठेवला.

"मामा," ती म्हणाली, "तुमी माझ्या मागं नव्हता. तुमी त्याच्यासमोर हात जोडून उभं व्हता. ते पन सांगा की."

व्याही ताटात बघायला लागले. आप्पा पुढच्या पानाकडे सरकले. आत्या जरा मागे बसली होती, तिने कपाळाला हात लावला. लग्नाच्या दिवशी, एवढ्या माणसांत, असं बोलायचं असतं का, हे मला नंतर निदान दहा जणांनी विचारलं. मी प्रत्येकाला तेच म्हटलं, खोटं बोलायचं असतं का?

निंगव्वाने जेवण पूर्ण केलं. ताट पुसून खाल्लं तिने. मी तिच्यासमोर वाकले तेव्हा तिने पोरीला माझ्याकडे दिलं, ताक मागितलं आणि दुधनीची गाडी कितीला आहे ते विचारलं.